सेवा क्लबाचं सभासद होऊन मिळतं काय?

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. नोकरीनिमित्त नव्या गावात आलेत, वय चाळिशीच्या पुढे, ऑफिस आणि घर सोडलं तर ओळखीचं कोणी नाही. एका सहकाऱ्याने स्थानिक सेवा क्लबात, म्हणजे रोटरी, लायन्ससारख्या समाजासाठी काम करणाऱ्या सभासदांच्या क्लबात, यायचा आग्रह धरला आहे. वर्गणी भरायची, वर सुट्टीचे दिवस द्यायचे, मग त्यातून आपल्या हाती काय लागणार, हा त्यांचा प्रश्न. त्याला जोडून आणखी एक: सेवेला जाताना ‘मला काय मिळेल’ असं विचारणंच चूक नाही का?

मी अशा क्लबात बरीच वर्षं आहे. सचिव, खजिनदार, अध्यक्ष ही तिन्ही पदं सांभाळून झाली. आता प्रकल्प समितीत असते, आणि नव्या सभासदांना पहिलं वर्षभर सोबत करण्याचं काम माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगते: मिळतं, पुष्कळ मिळतं. मात्र नुसती वर्गणीची पावती फाडून मिळत नाही. एखादं काम अंगावर घेतलं आणि ते तडीस नेलं की मिळायला लागतं. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या एका अटीवर उभं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रोटरीची सुरुवात 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस हा वकील लहान गावात वाढलेला आणि त्या महानगरात येऊन पडलेला. वकिली चालत होती, पण जिवाभावाचं माणूस नव्हतं. कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण-अभियंता गुस्ताव्हस लोर आणि कपडे शिवून विकणारा हायरम शोरी यांच्यासोबत तो लोरच्या ऑफिसात बसला. ओळखी वाढाव्यात, धंद्यात एकमेकांना हात द्यावा, एवढाच त्या बैठकीचा हेतू होता. समाजाचं काम त्यानंतर आलं. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह हवं म्हणून 1907 मध्ये त्या क्लबाने पुढाकार घेतला, तो त्यांचा पहिला लोकोपयोगी उपक्रम. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या संघटनेचं मूळ एका एकट्या पडलेल्या माणसाच्या गरजेत आहे. तुम्हीही एकटेपणा घालवायला आलात तर त्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही. नवा सभासद कशासाठी आलाय हे आम्ही खोदून विचारत नाही. शनिवारी सकाळी येणार का, एवढं विचारतो.

ओळखी होतील का? होतील, आणि त्या नुसत्या गप्पांतून झालेल्या ओळखींपेक्षा वेगळ्या असतील. एका शिबिराला सकाळी लवकर जाऊन टेबलं लावा, दिवसभर उभे राहा आणि संध्याकाळी सतरंज्या गुंडाळा. कोण दिलेल्या वेळेला येतं, कोण शेवटपर्यंत थांबून खुर्च्या उचलतं, रांगेत ताटकळून चिडलेल्या माणसाशी कोण हळू आवाजात बोलतं, हे त्या एका दिवसात कळतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याबद्दल एवढं कळायला वर्षं जातात. शिवाय ही माणसं तुमच्या व्यवसायातली नसतात, तुमच्या वयाचीही नसतात. रोटरीत सुरुवातीपासून वेगवेगळ्या व्यवसायांचे प्रतिनिधी घेण्यावर भर होता आणि बहुतेक सेवा क्लबांत आजही तसंच मिश्रण दिसतं. निवृत्त शिक्षिका, इलेक्ट्रिशियन, डॉक्टर, हिशेबनीस, नुकतं कॉलेज संपवलेला मुलगा असे सगळे एका टेबलाभोवती. एरवी ही माणसं एकत्र यायला काही कारण नसतं.

आमच्याकडे एक सभासद तुमच्यासारखेच नव्याने आलेले. त्यांची आई रात्री घरात घसरून पडली. त्यांनी ज्या दोघांना फोन केला त्यांची ओळख फक्त झाडं लावण्याच्या कार्यक्रमातली. त्यातल्या एकाने हॉस्पिटलचे कागद पाहिले, आणि दुसरी रात्रभर आईजवळ बसली, म्हणून यांना थोडं झोपता आलं. क्लबाच्या कुठल्याही घटनेत असं कलम नाही. सोबत काम केलेल्या माणसांत ते आपोआप होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता ज्याला मी सगळ्यात मोठी मिळकत मानते तिच्याकडे येते. क्लबात कोणी कोणाचा साहेब नसतो. पगार नाही, बढती नाही, कामचुकारपणा केला म्हणून कोणाला घरी पाठवता येत नाही. ऑफिसात ‘उद्यापर्यंत झालं पाहिजे’ म्हटलं की त्यामागे खुर्चीचा जोर असतो. इथे तो नसतो. समोरचा माणूस दिवसभर आपलं काम करून दमून आलेला असतो आणि तरीही त्याने मनापासून ‘हो’ म्हणायचं असतं. अशा माणसांकडून एखादं काम वेळेत, नीट आणि आनंदाने करून घेणं हे कौशल्य दुसरीकडे शिकायला फार कमी ठिकाणी मिळतं.

ते येतं कसं, तेही सांगते. नवा सचिव सुरुवातीला सगळ्यांना एकच निरोप पाठवतो: ‘रविवारी शिबिर आहे, सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ तो निरोप सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, बाकीचे जातील. तोच सचिव काही महिन्यांनी एकेकाला फोन करायला लागतो: ‘रविवारी आठ ते दहा नोंदणीच्या टेबलावर तुम्ही बसाल का? तुमचं अक्षर चांगलं आहे आणि म्हाताऱ्या माणसांशी तुम्ही नीट बोलता.’ याला सहसा नकार येत नाही. कारण काम ठरलेलं आहे, वेळेला सुरुवात आणि शेवट आहे, आणि मलाच का विचारलं हेही सांगितलंय. शिबिर झाल्यावर दुसऱ्या दिवशी तोच सचिव फोन करून सांगतो, ‘तुमच्या टेबलावर एकही फॉर्म अर्धवट राहिला नाही.’ पुढच्या वेळी ते गृहस्थ विचारायच्या आधी येतात. हे ज्याला जमलं तो आपल्या ऑफिसातही वेगळा वागायला लागतो. आमच्या कितीतरी सभासदांच्या घरच्यांनी मला हे आपणहून सांगितलंय.

यात पदांच्या रचनेचा मोठा वाटा आहे. रोटरी आणि लायन्ससारख्या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. रोटरीत पुढच्या वर्षीचा अध्यक्ष आधीच ठरलेला असतो आणि तो चालू अध्यक्षासोबत वावरत तयार होतो. दरवर्षी कोणाला तरी पहिल्यांदा सभा चालवायची असते, कोणाला पहिल्यांदा अंदाजपत्रक मांडायचं असतं. आभार मानायला उभं राहिल्यावर हातातला कागद थरथरणारी माणसं दोन-तीन वर्षांत परक्या पाहुण्यांसमोर कागद न घेता बोलतात. इथे चुकलं तर कोणाची नोकरी जात नाही आणि सुधारायला लगेच पुढची मीटिंग असते. दोन प्रकल्पांपैकी एकाच प्रकल्पाला पैसे आहेत, सभा निम्मी निम्मी विभागली आहे आणि दोन्ही बाजूंची माणसं उद्याही आपल्याला हवी आहेत, अशी वेळ दरवर्षी येते. ती निभावून नेणारा अध्यक्ष वर्ष संपताना वेगळा माणूस झालेला असतो.

तिसरी मिळकत बोलायला अवघड आहे, म्हणून एक दृश्य सांगते. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होत जातं, बहुतेक सगळ्यांचंच. डोळ्यातलं भिंग लवचीकपणा गमावतं, हे त्याचं कारण. साध्या जवळच्या चष्म्याने हे भागतं, पण हातकाम करणारी अनेक माणसं ‘आता नजर गेली’ म्हणून कामच सोडतात. आमच्या शिबिरात अक्षरांचा तक्ता असतो, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुई-दोरा. एक शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या. दीड नंबरचा चष्मा लावला, दोरा सुईच्या शेजारून गेला. दोनचा लावला, पुन्हा थोडक्यात हुकला. अडीचचा लावला. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, बोटांत पीळ दिला आणि एका झटक्यात ओवला. मग दोरा काढून घेतला आणि पुन्हा ओवला. तिसऱ्यांदाही. टेबलामागे बसलेला आमचा तरुण सभासद एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. त्याने तेव्हापासून एकही नेत्रशिबिर चुकवलेलं नाही. आपल्या कामाचा परिणाम समोरच्या माणसाच्या हातात दिसणं, हे त्याला त्याच्या रोजच्या कामात मिळत नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबणारा क्लब मला पुरेसा वाटत नाही. ज्यांना कुठल्याच चष्म्याने फरक पडत नाही त्यांच्यात मोतीबिंदूचे रुग्ण असतात, आणखी काही दुखणी असतात. त्यांची वेगळी यादी करायची, नेत्रतज्ज्ञांपर्यंत पोहोचवायचं, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब घातले जातात का हे फोन करून विचारायचं. हे काम फोटोत येत नाही. ज्या क्लबात ते होतं तिथे शिकायलाही जास्त मिळतं.

रक्तदानाचंही तसंच. विशेष दिवस पाहून भलं मोठं शिबिर घ्यायची हौस सगळ्यांना असते. पण तांबड्या पेशी नीट साठवल्या तरी साधारण 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस. एकाच दिवशी सगळ्यांनी रक्त दिलं तर पुढचे काही महिने तेच दाते पुन्हा देऊ शकत नाहीत, आणि रक्तपेढीला टंचाई नेमकी नंतर भासते. हे एकदा समजलं की क्लब आधी रक्तपेढीला विचारतो, तुम्हाला कधी आणि किती हवंय? मग एका मोठ्या शिबिराऐवजी वर्षभरात विभागलेली लहान शिबिरं होतात. वर्तमानपत्रात बातमी लहान येते, उपयोग मोठा होतो. माझ्या मते क्लबात राहून माणसाची विचार करायची पद्धत बदलते ती इथे. आपल्याला काय द्यायला आवडतं याऐवजी त्यांना काय लागतंय, इकडे लक्ष जातं.

आणि एकटा स्थानिक क्लब काय करू शकतो, याबद्दल शंका असेल तर दोन गोष्टी जाणून घ्या. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरियाच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम यांनी एका अंध माणसाला रस्ता ओलांडायला धडपडताना पाहिलं. त्याची काठी काळी होती, गाडीवाल्यांना ती दिसत नव्हती. क्लबाने काठ्या पांढऱ्या रंगवायचं ठरवलं आणि 1930 मध्ये त्या शहराने पांढरी काठी घेतलेल्या अंध व्यक्तीला रस्त्यावर प्राधान्य देणारा नियम केला. पांढरी काठी जगभर रुळण्यात पुढे लायन्स क्लबांचा मोठा हात राहिला. त्याआधी 1925 मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात येऊन अंधांसाठी उभे राहा असं आवाहन केलं होतं, त्याचं हे एक फळ.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे या छोट्या गावाची. तेव्हा रोटरीत फक्त पुरुष घेत. ड्युआर्टेच्या क्लबाने 1977 मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं. मध्यवर्ती संघटनेने 1978 मध्ये त्या क्लबाची मान्यता काढून घेतली. क्लब कोर्टात गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि मे 1987 मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक तिथल्या अध्यक्ष झाल्या, आणि 1989 मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. मी स्वतः अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसू शकले त्यामागे एका गावातल्या थोड्या माणसांचा हा हट्ट आहे, याची मला जाणीव आहे.

स्थानिक काम मोठ्या कामाला जोडलेलं असतं, तेही पाहण्यासारखं आहे. रोटरीने 1979 मध्ये फिलिपिन्समध्ये मुलांना पोलिओचे थेंब द्यायला मदत केली, 1985 मध्ये पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम जाहीर केली, आणि 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ यांच्यासोबत ती सगळ्या जगाची मोहीम झाली. त्या वर्षी जगात पोलिओचे अंदाजे 3,50,000 रुग्ण होते. त्यानंतर ही संख्या 99 टक्क्यांहून जास्त घटली. यातला एकेका स्वयंसेवकाचा वाटा म्हणजे बूथवर बसायचं, थंड पेटीचं झाकण विनाकारण उघडू द्यायचं नाही, बाळाच्या बोटावर शाईची खूण करायची, राहिलेली घरं शोधायची. ज्यांनी ते केलं त्यांना आपल्या सकाळचं काय झालं हे आज आकड्यांत दिसतं.

तब्येतीबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे 13,000 लोकांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला निदान 100 तास, म्हणजे आठवड्याला दोनेक तास स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं आणि हालचाल मंदावण्याचं प्रमाण कमी आढळलं, मनाची उभारीही जास्त दिसली. बऱ्याच जुनाट आजारांत मात्र फरक दिसला नाही. अशा अभ्यासात मुळात धडधाकट माणसंच स्वयंसेवेला येत असतील हा मुद्दा पूर्णपणे दूर करता येत नाही, म्हणून औषधासारखा त्याचा हवाला मी देणार नाही. निवृत्तीनंतर घरात बसून कोमेजलेली माणसं क्लबात कामाला लागल्यावर पुन्हा उभी राहिलेली मी पाहिली आहेत, एवढं माझ्या खात्रीचं आहे.

धंद्याला फायदा होतो का? होतो, पण उशिरा आणि आडवाटेने. पहिल्याच मीटिंगला व्हिजिटिंग कार्डं वाटणाऱ्याला कोणी काम देत नाही. शिबिराचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत जुळवून देणाऱ्याकडे लोक आपला हिशेब आपणहून घेऊन जातात.

आता सभासद होण्याआधी काय पाहायचं. सगळे क्लब सारखे नसतात. काही ठिकाणी वर्ष हारतुरे, पदग्रहण आणि फोटो यांतच संपतं, आणि तिथे तुमच्यासारखा कामाला आलेला माणूस लवकर कंटाळतो. म्हणून लगेच फॉर्म भरू नका. पाहुणे म्हणून दोन-तीन मीटिंगना आणि निदान एका प्रकल्पाला जा. चांगला क्लब याला आनंदाने हो म्हणतो. तिथे गेल्यावर गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचं आज काय झालंय ते विचारा. दिलेला पाण्याचा फिल्टर चालू आहे का, लावलेल्या झाडांपैकी जगली किती, त्यांना पाणी कोण घालतं? उत्तर देताना ज्यांच्याकडे नाव आणि तारीख आहे त्यांचा क्लब चांगला. नव्या माणसाला काम मिळायला किती वेळ लागतो तेही बघा. त्याच चार जणांमध्ये पदं फिरत असतील तर मी वर सांगितलेली शिकवण तुमच्या वाट्याला येणार नाही.

पैशांबद्दल विचारायला अजिबात लाजू नका. वर्गणीचा काही भाग क्लबाकडे राहतो, काही विभागाकडे आणि काही मध्यवर्ती संघटनेकडे जातो. हे भाग किती आहेत ते खजिनदाराने एका मिनिटात सांगायला हवं. लोकांकडून प्रकल्पासाठी जमवलेला पैसा आणि क्लब चालवण्याचा पैसा यांची खाती वेगळी हवीत. लोकांचा पैसा लोकांच्याच कामाला, क्लबाच्या जेवणावर नाही, हा लायन्ससारख्या संघटनांत लेखी नियम आहे. हिशेब सभेत वाचला जातो का, हे पाहा. खजिनदार असताना मला सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारे दोन सभासद होते, आणि त्यांच्यामुळेच देणगीदारांसमोर आम्ही ताठ मानेने उभे राहू शकलो.

घरच्यांशी आधी बोलून घ्या. महिन्यातल्या किती संध्याकाळी आणि किती रविवार देणार ते त्यांच्यासमोर ठरवा आणि क्लबालाही तेवढंच सांगा. उत्साहात प्रत्येक समितीत नाव घालणारे सभासद वर्षभरात थकून निघून जातात, ही आमच्या कामातली सगळ्यात नेहमीची गळती आहे. एक समिती, एक काम, आणि ते शेवटपर्यंत.

पहिलं काम कुठलं मागायचं, असं विचाराल तर माझं उत्तर ठरलेलं आहे: नोंदणीचं टेबल. पहिल्या वर्षी कुठलंही पद घेऊ नका, टेबल मागून घ्या. येणारा प्रत्येक माणूस तिथून जातो, म्हणून गाव तुम्हाला तिथे भेटतं. डॉक्टर, सचिव, सामान आणणारे सगळे काही ना काही विचारायला तिथेच येतात, म्हणून महिनाभरात क्लबातल्या सगळ्यांची नावं तोंडपाठ होतात. आणि रांग का अडली, फॉर्ममध्ये लोक नेमके कुठे अडखळतात, कोण न दाखवता परत गेलं, हे त्या खुर्चीवरून जितकं दिसतं तितकं व्यासपीठावरून दिसत नाही. ते एका वहीत टिपून ठेवा आणि शिबिरानंतरच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवा.